श्वास न मोजता मोजलेली प्रार्थना

धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हा तिसऱ्या रात्री त्याच्या उशाशी बसायची पाळी माझी होती. ताप उतरला होता, प्लेटलेट वर सरकत होत्या, पण डॉक्टरांनी मॉनिटर अजून काढला नव्हता. वॉर्डातले दिवे मंद केलेले, तो गाढ झोपलेला आणि मशीन आपलं टिक, टिक, टिक. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर असा आवाज पडला की तो मनातल्या मनात मोजायला लागतोच. मीही मोजायला लागले आणि लक्षात आलं की हा आवाज एकसारखा नाही. तीन-चार टिक जवळजवळ पडायच्या, मग दोन लांब, पुन्हा जवळ. धस्स झालं. धावत नर्सिंग स्टेशनवर गेले.

रात्रपाळीच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. आल्या, पण मॉनिटरकडे न बघता भावाच्या छातीकडे बघत अर्धा मिनिट उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, श्वास बघा त्याचा. आत घेतला की पळतं, सोडला की दमानं चालतं. तरण्या पोरांचं असंच असतं. घड्याळासारखं एकसुरी वाजायला लागलं तर मला बोलवा."

माझ्या पीएच.डी.चा विषय त्या रात्री ठरला, हे मला पुढे वर्षभराने कळलं.

हे हॉस्पिटल ख्रिस्ती मिशनचं होतं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मिशन हॉस्पिटल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून आमच्याकडे आजारपण हाताबाहेर गेलं की "मिरजेला न्या" असंच म्हणतात. मी ज्या हॉस्पिटलात काम केलं ते मिरजेतलं नाही, आकारानेही लहान. पण रीत तीच. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी दहा मिनिटं सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा राहायचा. अभंगाच्या चालीवरचं एक भजन, एक छोटी प्रार्थना, की लगेच केसपेपरची रांग सुरू. रांगेतले निम्म्याहून जास्त लोक गळ्यात तुळशीची माळ घातलेले, आणि भजनाची चाल ओळखीची वाटली की तेही मान हलवायचे. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये नातेवाईक पथाऱ्या पसरायचे, तेव्हा एका कोपऱ्यात हरिपाठ, दुसऱ्या कोपऱ्यात तस्बीह आणि मधे मेट्रनबाईंचं बायबल.

त्याच सिस्टर नंतर एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "नाव घ्यायला लागले ना, की मशीनही शांत होतं बघा."

घरी येऊन मी वाचायला बसले. सिस्टरनी अर्ध्या मिनिटात सांगितलेली गोष्ट कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ साली फिरत्या ड्रमवर रेघा उमटवून दाखवली होती. तिला रेस्पिरेटरी सायनस अ‍ॅरिदमिया म्हणतात. नावाला रोगाचा वास असला तरी हा रोग नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, ठोका तिथून सुटतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. आपली नाडी सत्तरच्या घरात राहते याचं कारण व्हेगस नावाची नस. घाट उतरणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरसारखी ती सतत ब्रेकवर पाय ठेवून असते. श्वास आत घेताना पाय थोडा सैल होतो, सोडताना पुन्हा दाबला जातो. आणि हा ब्रेक इतका चपळ की पुढच्याच ठोक्याला परिणाम दिसतो. सिम्पथेटिक नसा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, त्या मानाने सुस्त. त्यांचा परिणाम दिसायला काही सेकंद जावे लागतात.

यात माझी सोय कुठे होती ते सांगते. एमएस्सीला माझा प्रकल्प रूपविकारी ताऱ्यांवर होता, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं असे तारे. नोंदींमधून तो काळ शोधून काढायचा. फुरियेने १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलेली युक्ती अशी की कुठलीही वेडीवाकडी रेघ साध्या लाटांमध्ये फोडून दाखवता येते. पण संगणकावर रोज वापरायची तिची झटपट रीत नोंदी समान अंतराने घेतलेल्या आहेत असं धरून चालते. ताऱ्यांचं तसं कुठे असतं? दिवसा नोंद नाही, ढग आले की नाही, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर दुर्बीण झाकूनच ठेवायची. त्यासाठी लोम्बने १९७६ साली आणि स्कार्गलने १९८२ साली विस्कळीत नोंदींवर चालणारी पद्धत बसवली. तिचा प्रोग्राम माझ्याकडे लिहून तयार होता.

हृदयाचंही तसंच. ईसीजीत सर्वांत उंच टोक असतं त्याला आर म्हणतात. दोन आर-टोकांमधलं अंतर, समजा ८०० मिलिसेकंद, ही एक नोंद. पुढची नोंद ८३० वर, मग ७७०. ठोका पडेल तेव्हाच नोंद मिळणार, तुम्ही ठरवाल तेव्हा नाही. ताऱ्यांसाठी लिहिलेला प्रोग्राम मी भावाच्या नोंदींवर चालवला. (डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांकडे मागून घेतल्या होत्या. ते हसले, पण दिल्या.) कोणती लाट किती मोठी हे दाखवणारा आलेख, म्हणजे वर्णपट, निघाला. त्यात ०.२५ हर्ट्झवर देवळाच्या कळसासारखं टोक आलं. ०.२५ हर्ट्झ म्हणजे चार सेकंदांत एक, म्हणजेच मिनिटाला पंधरा. त्याच्या श्वासाचा वेग.

विद्यापीठात विषय मंजूर करून घेताना जे होतं ते झालं. आरआरसीत, म्हणजे संशोधनाचे विषय मंजूर करणाऱ्या समितीत, फिजिक्सवाले म्हणाले हा मेडिकलचा विषय, आणि मेडिकलच्या ओळखीच्यांनी सांगितलं की हे गणित आमच्याकडे कोण तपासणार. मी आइन्थोव्हनचं उदाहरण दिलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लायडनमध्ये त्याने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा बारीक तंतू ताणून ईसीजीचं यंत्र बनवलं. अडीचशे किलोच्या वर वजन, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात. १९२४ सालचं नोबेल त्याला वैद्यकाचं मिळालं, पण यंत्राचा जीव म्हणाल तर गॅल्व्हानोमीटर, बारीकसा विद्युतप्रवाह दाखवणारा. समितीतले एक सर म्हणाले, "म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकलमधलाच." मंजुरी मिळाली.

खरी परीक्षा हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीपुढे झाली. माणसांवर कुठलाही अभ्यास करायचा तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशी समिती लागते, आणि तिच्यात एक तरी सर्वसामान्य माणूस असावा लागतो. आमच्या समितीत ते निवृत्त शाळामास्तर होते. डॉक्टरांनी मला इलेक्ट्रोड, डेटा कुठे ठेवणार, विमा वगैरे विचारलं. मास्तर गप्प. शेवटी म्हणाले, "मॅडम, समजा तुमचे आकडे उलटे आले. तर अंथरुणावरच्या माणसाला तुम्ही सांगणार का, की बाबा तुझ्या नामस्मरणाचा काही उपयोग नाही?"

याच्या आसपासचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत होऊन गेला आहे, तो मी सांगितला. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. सहा हॉस्पिटलांतले बायपासचे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी लोक प्रार्थना करतील किंवा करणार नाहीत. त्यांतल्या एका गटासाठी परक्या माणसांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. ऑपरेशननंतरच्या तीस दिवसांत गुंतागुंत झाली ती अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के रुग्णांत, म्हणजे फरक काहीच नाही. तिसऱ्या गटाला मात्र खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात प्रमाण ५९ टक्के निघालं. हे का झालं यावर तर्क बरेच आहेत. मला त्यातला पटतो तो असा की "माझ्यासाठी एवढी माणसं देवाला साकडं घालतायत, म्हणजे माझं काही खरं नाही" असं रुग्णाला वाटलं असावं.

मास्तर ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे सांगण्यानंच फरक पडला. मग तुम्ही काय सांगणार ते आधी कागदावर आणा."

त्यांचं बरोबर होतं. मी तिथेच बसून शीर्षकातून "प्रार्थनेचा परिणाम" काढला आणि "लयबद्ध पठणाच्या वेळी हृदयगतीतील बदल" असं लिहिलं. दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना मी मोजणारच नव्हते. म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरात त्या वेळी काय होतं एवढंच बघायचं होतं. संमतीपत्र मराठीत तीनदा लिहिलं. पहिला मसुदा वाचून मास्तर म्हणाले होते की हे सरकारी राजपत्र वाटतं.

आजारी माणसांना हात लावायचा नाही असंही ठरलं. ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या, जुना मधुमेह, अनियमित ठोके, यातलं काही असलं की नोंदी बिघडतात. म्हणून कॉरिडॉरमधले नातेवाईक. त्यांना वेळच वेळ असतो आणि कोणी चौकशी केली की बरंही वाटतं.

पहिले दोन महिने मी फक्त गोंगाट गोळा केला. हृदयाचा संकेत कातडीवर पोचतो तेव्हा एक मिलिव्होल्टच्या आसपास उरतो, आणि भोवती २३० व्होल्टचं वायरिंग, पन्नास हर्ट्झने गुणगुणणारं. पंखा बंद केला, चार्जर काढले, तरी रेघ करवतीसारखी. शेवटी सापडलं काय, तर भिंतीपलीकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, होतं आणि आमची कॉट त्या भिंतीला टेकवलेली. कॉट चार फूट सरकवली आणि रेघ निवळली. फिजिक्सच्या बाईला हे दोन महिन्यांनी कळावं यावर वॉर्डबॉयने केलेली शेरेबाजी इथे लिहीत नाही.

दुसरी अडचण माळेची. इलेक्ट्रोड मनगटाला लावले होते. माळ ओढायला अंगठा हलला की मनगटाचे स्नायू आपले संकेत पाठवायचे आणि आर-टोकं त्यात बुडायची. डॉक्टरांनी तोडगा सांगितला: इलेक्ट्रोड मनगटाऐवजी गळपट्टीच्या हाडाखाली आणि पोटाच्या बाजूला लावा, ट्रेडमिल टेस्टला लावतात तसे. मेसन आणि लायकर या दोघांनी १९६६ साली हीच जागा सुचवली होती. पण गळपट्टीपाशी गळ्यातली तुळशीची माळ यायची. वारकरी माणूस ती काढणार नाही आणि काढा म्हणून सांगायचंही नाही. मग स्पिरिटने पुसून इलेक्ट्रोड चिकटवायचा, माळ अलगद मागे पाठीवर टाकायची आणि रेकॉर्डिंग झालं की पुन्हा पुढे घ्यायची. हे काम सिस्टर करायच्या. माझ्या हातून एकदा एका आजोबांची माळ वायरीत अडकली. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर मी माळेला हात लावला नाही.

एकेकाच्या दोन नोंदी घ्यायच्या, पाच-पाच मिनिटांच्या. एक नुसतं बसून, दुसरी जे काही रोज म्हणता ते म्हणत. कोणी "रामकृष्णहरी", कोणी प्रभूची प्रार्थना, एक चाचा तस्बीह ओढत. वर्षभर हे चाललं, वीसेक माणसं जमली. त्यांतल्या तीन जणांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. पाच मिनिटांत एखादा जरी आगाऊ ठोका मधेच पडला, तरी त्याचा शिंतोडा सगळ्या वर्णपटावर उडतो. हे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण त्या चाचांना "तुमची नोंद घेता येत नाही" असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, आणि डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं तेव्हा कुठे ते उठले.

आता माझ्या चुकीकडे येते.

हृदयगतीचा वर्णपट काढला की दोन पट्टे बघायची पद्धत आहे. १९९६ साली युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त गटाने त्यांच्या हद्दी ठरवल्या. ०.१५ ते ०.४ हर्ट्झ हा वरचा पट्टा, तिथे श्वासाबरोबरचा व्हेगसचा चढउतार दिसतो. ०.०४ ते ०.१५ हा खालचा, तिथे दोन्ही नसांची सरमिसळ. खालच्याला वरच्याने भागलं की एक गुणोत्तर येतं. ते वाढलं म्हणजे सिम्पथेटिक वरचढ झाली, ताण वाढला, असं सर्रास लिहिलं जातं. हातातल्या घड्याळांत नाडीच्या चढउतारावरून ताणाचे गुण काढतात, त्यांचंही मूळ याच वाटेवर कुठेतरी आहे.

मी भागाकार केला. नामस्मरण करताना जवळजवळ प्रत्येकाचं गुणोत्तर वाढलेलं. नुसतं वाढलेलं नाही, कित्येक पट. म्हणजे माझ्या आलेखाप्रमाणे जप करणारा माणूस ऑफिसात बॉसपुढे उभा असल्यासारखा तणावात होता. समोर बघितलं तर तीच माणसं डोळे मिटून, खांदे सैल सोडून बसलेली.

इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आपल्याला काहीतरी नवं सापडलं. भक्तिभावाची उत्कटता वगैरे शब्द मी टिपणात लिहिले होते, ते आज वाचवत नाहीत. आलेख घेऊन मी एका चर्चासत्राला गेले. पंधरा मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत शरीरशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, काठी दोन्ही हातांत धरून ऐकणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बाई, म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला किती होता?"

"मोजला नाही सर."

ते "बरं" म्हणाले आणि खाली बसले. बाकी कोणी काही विचारलं नाही. त्या "बरं"चा अर्थ मला परतीच्या एसटीत कळला, आणि कळल्यावर उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला.

आपण मोठ्याने जप करतो तेव्हा शब्द श्वास सोडताना उमटतात. मधे पटकन श्वास घ्यायचा, पुन्हा ओळ. उच्छ्वास लांबतो, श्वासांची संख्या घटते. मिनिटाला पंधरावरून सहा-सातवर आली की ०.२५ हर्ट्झचं टोक सरकून ०.१ वर येतं, म्हणजेच वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात. कूळ तेच, घर बदललेलं. व्हेगसचाच चढउतार, पण मी तो सिम्पथेटिकच्या खात्यावर मांडत होते. भागाकारात अंश फुगला, छेद रोडावला, आणि गुणोत्तर आभाळाला टेकलं. या गुणोत्तरावर ड्वेन एकबर्ग यांनी १९९७ सालीच सडकून टीका केली होती, हे मी नंतर शोधून वाचलं. आणि लाज अशी की इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या गटाचा २००१ सालचा निबंध माझ्या संदर्भयादीत पहिल्या पानावर होता. त्यांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे हुं" म्हणायला लावलं होतं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयी ठळक झाल्या. मी त्यातला "प्रार्थना" शब्द वाचला होता आणि "सहा" वाचून पुढे गेले होते.

सहाच का, याचं उत्तर मात्र फिजिक्सवाल्याला सुखावणारं आहे. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. दाब उतरला की मेंदूला कळतं, मेंदू रक्तवाहिन्या आवळायला सांगतो. पण आवळायला पाचेक सेकंद लागतात, तोवर उशीर झालेला असतो. मग दाब जास्त चढतो, पुन्हा उलटा निरोप. लॉजमधल्या गिझरचा नळ आठवा: पाणी गार म्हणून फिरवला, काही होईना म्हणून आणखी फिरवला, आणि एकदम चटका. उशिरा पोचणारी दुरुस्ती नेहमी झुलवते. इथे झोक्याचा फेरा साधारण दहा सेकंदांचा. श्वासही दहा सेकंदांना एक या वेगाने आला की झोक्याला बरोबर वेळेवर धक्का बसत राहतो. त्यामुळे टोक नुसतं सरकत नाही, उंचही होतं. बर्नार्डींच्या निबंधात दाबाच्या त्या दुरुस्तीची संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ झालेली दिसते, एकक मिलिसेकंद प्रति मिलिमीटर पारा.

मार्गदर्शक सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "वर्ष गेलं," एवढंच म्हणाले. "पट्टा घे आता."

श्वासाचा पट्टा म्हणजे छातीभोवती बांधायचा लवचीक बेल्ट, ताण बदलला की व्होल्टेज बदलणारा. किंमत ऐकून मी आधी तो टाळला होता. आता पगारातून घेतला आणि कॉरिडॉरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी नोंदी तीन: शांत बसून, जप करत, आणि त्याच लयीत पाढे म्हणत. बे एके बे. जुन्या पिढीला पाढ्यांची चाल उपजतच येते, कोणाला शिकवावं लागलं नाही. उलट एक गृहस्थ थांबेचनात, औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पोचले.

एक आजी होत्या, नातवाचा पाय मोडला म्हणून आठवडाभर मुक्कामाला. हातात १०८ मण्यांची माळ, अंगठ्याला घट्टा पडलेला. पट्टा बांधताना म्हणाल्या, "ह्यो कमरंला बांधायचा न्हवं?" जप सुरू झाला. स्क्रीनवर वरची रेघ हृदयाची, खालची श्वासाची. पहिल्या मिनिटात दोन्ही आपापल्या वाटेने. मग खालची रेघ लांब होत गेली, टेकडीसारखी, आणि हळूहळू वरचीही तिच्या मागोमाग चढायला-उतरायला लागली. त्या वयात हा चढउतार एरवी फार कमी असतो, शांत बसून घेतलेल्या नोंदीत तर शोधूनही सापडला नव्हता. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि सिस्टरनी मला गप्प राहायची खूण केली, कारण आजींचे डोळे मिटलेले होते.

मग पाढे. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण बाजारात भाजी विकून दहापर्यंतचे तोंडपाठ. टेकड्या तशाच उठल्या. टोक त्याच जागी, उंचीतही डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तसंच. मी शोधत होते ते जपाचं वेगळेपण माझ्या मापात आलं नाही. मापात आला तो श्वास.

सिस्टरना हे सांगताना मी जरा चाचरत होते. रोज सकाळी व्हरांड्यात उभ्या राहणाऱ्या बाई त्या. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून उजेडात बघितले.

"सारखेच आहेत की," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, चाळीस वर्षं रोज तिन्हीसांजेला पाढे कोण म्हणेल?"

हे वाक्य प्रबंधात घालता आलं नाही. त्याला संदर्भ काय देणार? पण चर्चेच्या प्रकरणात मी एक परिच्छेद लिहिला: पाच मिनिटांच्या नोंदीवरून वर्षानुवर्षांच्या सवयीबद्दल काही म्हणता येत नाही, आणि माणूस कोणती लय रोज पाळेल हा प्रश्न वर्णपटाच्या हद्दीबाहेरचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "अमुक मंत्राने हृदयरोग बरा होतो, विज्ञानाने सिद्ध" असले निरोप मला लोक आजही मत विचारायला पाठवतात. मी उलट एवढंच विचारते की श्वास मोजला होता का. आणि "जप म्हणजे नुसता भ्रम" असं सांगणाऱ्या सहकाऱ्यालाही तोच प्रश्न विचारते.

व्हायवा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी लोम्ब-स्कार्गलवर अर्धा तास पिळून काढलं, आणि मिशन हॉस्पिटलबद्दल फक्त तिथे चहा कसा मिळतो ते विचारलं. पदवी मिळाली.

आजींची गोष्ट राहिली. नातवाला सोडलं त्या दिवशी त्यांनी "माझी पट्टी" मागितली होती. ईसीजीच्या मशीनवरची एक हातभर कापून दिली आणि बजावलं की आजी, हा कागद साधा नाही, उन्हात ठेवू नका, अक्षरं उडतात. तीनेक महिन्यांनी त्या नातवाच्या तपासणीला आल्या तेव्हा पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं काहीतरी काळंकुट्ट काढून माझ्या हातात ठेवलं. नातवाने आजीवरच्या प्रेमाने पट्टी तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणली होती. तो कागद उष्णतेने छापला जातो, त्यामुळे लॅमिनेशनच्या रुळांतून निघेपर्यंत सबंध काळा झाला होता.

"ह्यात आता काय दिसत न्हाई," आजी म्हणाल्या. "देवापाशी ठेवलाय तरी बी."

मी लॅपटॉप उघडला, त्यांची फाइल शोधली आणि ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर साध्या कागदावर दोन प्रती काढल्या, हृदयाची रेघ वर, श्वासाची खाली. आजींनी एक घेतली. दुसरी सिस्टरनी घडी न घालता बायबलात ठेवली आणि त्या ड्रेसिंगला निघून गेल्या.